दोन्ही बाजू ओळीनं

ऊस परिषद होते, दराचं काहीतरी ठरतं, गळीत हंगाम सुरू होतो आणि जयसिंगपुरात नवी गाणी ट्रॅक्टरवरून येऊ लागतात. नांदणीकडून, उदगावकडून उसानं शिगोशीग भरलेल्या दोन-दोन ट्रॉल्या ओढत ट्रॅक्टर शिरोळच्या कारखान्याकडं निघालेला असतो आणि ड्रायव्हरच्या डोक्यामागं बसवलेल्या स्पीकरातून ढोलकी कडाडत असते. ध्रुवपद नीट ऐकू येतं. पहिलं कडवं सुरू होतं, गाणाऱ्याचा आवाज वर चढतो, आणि तेवढ्यात ट्रॅक्टर वळण घेतो. उरलेलं गाणं उसाबरोबर निघून जातं. मग मला चैन पडत नाही. गाणारा कोण, कुठल्या गावचा, ढोलकीवर कोण बसलंय? आणि हे गाणं एकटंच आहे, की त्याच्या मागंपुढं आणखी काही आहे? या शेवटच्या प्रश्नापायी मी आयुष्यभर गाणी विकत घेत आले.

माझी आवड गावाकडच्या गाण्यांची. लावणी, गवळण, पोवाडा, गोंधळ, भारूड, भीमगीतं, जोतिबाची आणि दत्ताची गाणी, धनगरी ओव्या. ख्यालही ऐकते, नाट्यगीतंही ऐकते, आणि मिरजेच्या दर्ग्यातल्या संगीत सभेत रात्र काढण्याचं सुख मला ठाऊक आहे. पण गावाकडच्या गाण्यांची नवी कॅसेट हातात आली, तिच्यावरचा पारदर्शक कागद फाडला आणि आतली घडी उलगडली, की मनाची जी उत्सुक अवस्था होते, ती दुसऱ्या कुठल्याच खरेदीत झाली नाही. साडी घेतानाही नाही, सोनं घेतानाही नाही.

जयसिंगपूरला स्वतःचं असं गाणं नाही. कोल्हापूर-मिरज रेल्वे १८९१ साली सुरू झाली तेव्हा हे गावच नव्हतं. पुढं शाहू महाराजांनी आपल्या वडिलांच्या, कागलच्या जयसिंगराव घाटगे यांच्या नावानं ही पेठ वसवली. आखीव रस्ते, नंबरानं ओळखायच्या गल्ल्या, तंबाखूच्या वखारी, आणि धंद्यासाठी चहूकडून येऊन स्थायिक झालेली माणसं. भोवतीनं मात्र नुसती श्रीमंती. मिरजेत अब्दुल करीम खाँसाहेबांची कबर आहे आणि सतारी-तंबोरे घडवणाऱ्यांच्या पिढ्या आहेत. कुरुंदवाडात १८७२ साली विष्णु दिगंबर पलुसकर जन्मले. कोल्हापुरात अल्लादिया खाँसाहेब राहिले. वाळवा तालुक्यातलं रेठरे हरणाक्ष पठ्ठे बापूरावांचं, वाटेगाव अण्णाभाऊ साठ्यांचं. सांगलीजवळच्या कवलापुरात काळू-बाळूंचा तमाशा. 'पिंजरा'चं संगीत देणारे राम कदम मिरजेचे आणि त्याची गाणी लिहिणारे जगदीश खेबुडकर कोल्हापूरचे. या सगळ्यांच्या मधोमध आमचं गाव, आणि आमच्याकडं आहे तो बाजार. मला त्याचं कधी वाईट वाटलं नाही. गाणं जिथं जन्मतं तिथं ते कानावर आपोआप पडतं. आमच्याकडं ते निवडून, दाम मोजून, पिशवीत घालून घरी न्यावं लागायचं. त्यामुळं ते आपलं आहे याची खात्री पक्की व्हायची.

कॅसेट आमच्या हातात आली ती ऐंशीच्या दशकात. फिलिप्स कंपनीनं ती १९६३ मध्येच काढली होती, पण आपल्याकडं तिची लाट आली ती टी-सीरिजसारख्या कंपन्या १९८३ च्या सुमारास उभ्या राहिल्यावर. त्याआधी गाणं ऐकायचं ते आकाशवाणीच्या सांगली केंद्रावर, नाहीतर लग्नातल्या कर्ण्यावर, आणि ज्यांच्या घरी फोनो होता त्यांच्याकडं. जुन्या ७८ च्या तबकडीवर एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटं मावायची. ख्यालाचं काय झालं ते संगीताचे जाणकार लिहीतच आले आहेत. पण गावाकडच्या गाण्याचं याहून मोठं नुकसान झालं असं मला वाटतं. लावणी तीन मिनिटांत कशीबशी बसली. पोवाडा बसेना. ओवी तर बसण्यातलीच नव्हती, कारण ती रात्रभर चालते. त्यामुळं जे बसलं तेच गाणं मानलं गेलं आणि बाकीचं यात्रेत, पारावर, वाड्यावस्तीवर राहिलं. साठ मिनिटांच्या कॅसेटनं एका बाजूला सलग अर्धा तास दिला. शिवाय ती स्वस्तात निघायची. मोठ्या कंपनीनं ज्याला दारात उभं केलं नसतं, असा एखादा शाहीर चार साथीदार घेऊन एका दिवसात कॅसेट भरून यायचा, आणि महिनाभरात ती आमच्या स्टेशन रोडच्या दुकानात दिसायची. पीटर मॅन्युएल या अभ्यासकानं उत्तर हिंदुस्थानातल्या या उलथापालथीवर १९९३ मध्ये एक जाडजूड पुस्तक लिहिलं. तेच आमच्याकडंही झालं, आणि मी ते गिऱ्हाईक म्हणून पाहिलं.

दुकानदाराला सगळे अण्णा म्हणत. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवत होते, म्हणून मी त्यांची 'बाई'. दारातून आत पाऊल टाकायच्या आधीच ते म्हणायचे, "बाई, नवी आलीय. पण सिनेमाची न्हाई, तुमच्यातली." मग गल्ल्याखालून कॅसेट निघायची. अण्णांची परीक्षेची एक रीत होती आणि ती मी पुढं कायम पाळली. ते कॅसेट डेकमध्ये घालायचे ती उलटी, दुसऱ्या बाजूनं. "पैल्या बाजूचं पैलं गाणं सगळीच चांगलं करत्यात, बाई. दुसरी बाजू कशी धरलीय बघा." दुसऱ्या बाजूच्या सुरुवातीला गाणाऱ्याचा दम, ढोलकीवाल्याचा हात आणि कोरसचं मन लागलंय की नाही, हे खरंच कळतं. दोन मिनिटांत मी 'घेते' म्हणायची, नाहीतर मान हलवायची. अण्णांनी कधी आग्रह केला नाही. मला जी आवडली नाही ती त्यांनाही आवडलेली नसायची, असं मी पुष्कळदा पाहिलं.

घरी येताना आतला कागद वाचायचा. त्या कागदांवर माझं फार प्रेम. पुढं गाणाऱ्याचा फोटो: फेटा, उपरणं, कपाळावर बुक्का किंवा निळ्या कोटाचं बटण वरपर्यंत लावलेलं, मागं स्टुडिओतला रंगवलेला पडदा. आत बारीक अक्षरात गाण्यांची यादी, आणि त्याहून बारीक अक्षरात माणसं. ढोलकी, हार्मोनियम, तुणतुणं, संबळ, दिमडी, चौंडकं. झिलकऱ्यांची, म्हणजे मागं सूर धरणाऱ्यांची, नावं. गीतकाराचं नाव आणि खाली 'मु. पो.' करून गाव, तालुका, जिल्हा. सिनेमाच्या गाण्याला पत्ता नसतो. या गाण्यांना असायचा. मी नकाशा काढून ती गावं शोधायची. जत, आटपाडी, माण, सांगोला, चिकोडी, अथणी. दुष्काळी पट्ट्यातली गावं त्यात जास्त सापडायची, आणि पाण्याखालच्या आमच्या उसाच्या पट्ट्यात गाणारे कमी का, हा प्रश्न मला अजूनही पडतो.

नव्या कॅसेटांचा हंगाम देवांनी आणि महापुरुषांनी ठरवून दिलेला होता. चौदा एप्रिलच्या आधी भीमगीतं. चैत्रात जोतिबा. आषाढीच्या आधी विठ्ठल, मग गणपती, नवरात्रात अंबाबाई आणि यल्लम्मा, मार्गशीर्षात दत्त. २०१५ च्या जुलैपासून जगभरच्या मोठ्या कंपन्यांनी नवं संगीत शुक्रवारी बाजारात आणायचं ठरवलं, असं मी वाचलं तेव्हा त्यांची कीव आली. सगळ्या वर्षाला एकच वार! आमच्याकडं गाणं यायचं ते त्याच्या कारणासकट यायचं. प्रल्हाद शिंद्यांचा आवाज आषाढात विठ्ठलासाठी आणि एप्रिलात बाबासाहेबांसाठी, दोन्ही वेळा तितकाच खरा. त्या घराण्यातल्या पुढच्या पिढीनं, आनंद आणि मिलिंद शिंद्यांनी, पोपटाच्या गाण्यानं सगळा महाराष्ट्र दणाणून सोडला, तेव्हा अण्णांच्या दुकानात पहिल्यांदा गर्दी आवरायला दोरी बांधावी लागली.

मामंजींची खरेदी दत्ताच्या गाण्यांची. ती दुकानात नाही, नरसोबाच्या वाडीत व्हायची. पौर्णिमेला वाडीला जायचं, पादुकांचं दर्शन घ्यायचं, कवठाची बर्फी, बासुंदी आणि एखादी कॅसेट घेऊन संध्याकाळच्या एसटीनं परत. आर. एन. पराडकरांची दत्तगीतं त्यांना तोंडपाठ होती, तरी नवीन संच निघाला की ते घ्यायचेच. मी एकदा विचारलं, "मामंजी, हीच गाणी आहेत की आपल्याकडं." ते म्हणाले, "गाणी तीच हायत सूनबाई, पर वळ बदललीय. आता पालखीचं गाणं शेवटाला घातलंय. तिथंच पायजे ते." त्यातली कितीतरी गीतं कवी सुधांशूंनी लिहिलेली. सुधांशू औदुंबरचे; कृष्णेच्या काठावर बसून त्यांनी ती लिहिली, एचएमव्हीच्या तबकड्यांवरून ती महाराष्ट्रभर गेली, आणि त्याच कृष्णेच्या खालच्या अंगाला, वाडीच्या घाटावर, मामंजींनी ती पुन्हा विकत घेतली. मामंजींच्या 'वळ बदललीय', म्हणजे क्रम बदललाय, या बोलण्यानं मला माझ्याच आवडीचं मर्म सापडलं.

गावाकडच्या गाण्यात क्रम हाच जीव असतो. तमाशात आधी गण, मग गवळण, मग बतावणी, मग वग. गोंधळात आधी सगळ्या देवांना आवतण, मग आख्यान, मग आरती. भजनाची बैठक नामघोषानं सुरू होते, रूपाच्या अभंगानं देव समोर उभा राहतो, मध्ये गवळणी, भारुडं, आणि पहाटे भैरवी. हा क्रम कुणा एकाच्या लहरीनं ठरलेला नाही. रात्र कशी पुढं सरकते, मुलं केव्हा झोपतात, बायका केव्हा पुढं येऊन बसतात, म्हाताऱ्यांचे डोळे केव्हा भरून येतात, हे शेकडो रात्री पाहून तो ठरलेला आहे. चांगली कॅसेट काढणाऱ्याला हे ठाऊक असायचं. तासाभराच्या फितीत तो पूर्ण रात्र बसवायचा. पहिल्या बाजूला गण आणि गवळण, बाजू संपता संपता एखादं चढं गाणं. दुसरी बाजू उघडायची ती नव्या दमानं, आणि शेवटाकडं येताना चाल उतरत जायची. म्हणून नवी कॅसेट पहिल्यांदा लावली की मध्ये उठायचं नाही, गाणं पुढं ढकलायचं नाही, असा माझा नेम. रात्रीची भांडी आटोपली, पोरं झोपली, की टेप लावायचा आणि दोन्ही बाजू ओळीनं ऐकायच्या. तिसऱ्या जागी यानं काय ठेवलंय, हे कळेपर्यंतची ती हुरहुर! पुष्कळदा तिसरं गाणंच गाणाऱ्याचं खरं लाडकं असतं. पहिलं तो देवासाठी गातो, दुसरं गिऱ्हाइकासाठी, आणि तिसरं त्याला स्वतःला गायचं असतं.

दुकानातून कॅसेट 'भरून' घ्यायचीही पद्धत होती. आपण यादी द्यायची, दुकानदार कोऱ्या फितीवर ती गाणी उतरवून द्यायचा. आमच्या शाळेतल्या बायका तशाच भरून घेत. मी कधी घेतली नाही. भरलेल्या कॅसेटमध्ये आपल्याला आधीच आवडलेलं असतं तेवढंच असतं. विकत घेतलेल्या कॅसेटमध्ये आपल्याला अजून न आवडलेलं गाणंही असतं, आणि माझ्या मते पैसे त्याचेच मोजायचे असतात. दुसऱ्या बाजूचं चौथं गाणं, संथ, कसलीही झळक नसलेलं. पहिल्या खेपेला ते नुसतं कानावरून जातं. दुसऱ्या-तिसऱ्या खेपेलाही जातं. मग एखाद्या दुपारी, तांदूळ निवडताना, त्यातल्या एका ओळीवर हात थांबतो. गाणाऱ्यानं तिथं आवाज जरासा आत घेतलेला असतो. एवढे दिवस आपण तो ऐकलाच नव्हता. त्यानंतर त्या कॅसेटमधलं तेच गाणं आपलं होतं, पहिलं गाणं मागं पडतं. फुकट मिळालेलं गाणं आपण इतक्या वेळा ऐकत नाही. दाम मोजलेला असतो म्हणून आपण पुन्हा त्याच्यापाशी जातो, आणि पुन्हा गेल्याखेरीज या जातीचं गाणं उघडत नाही.

आईला मी नवी कॅसेट ऐकवायची, आणि ती ऐकता ऐकता दुरुस्त करायची. तिचं माहेर आणि सासर दोन्ही शिरोळ तालुक्यातलं. पहाटे जात्यावर बसून तिनं तरुणपणी ओव्या म्हटलेल्या. पुढं गावात पिठाची गिरणी आली आणि जातं सोप्यात भिंतीला लागलं. टेपवर एखादी बाई ओवी गायला लागली की आई मान डोलवायची आणि म्हणायची, "आमच्यात ह्येच्या म्होरची वळ येगळी हाय." मग ती आपली ओळ म्हणून दाखवायची. टेप थांबवायची तिला परवानगी होती. ती एकटीच त्या नेमाला अपवाद. तिच्यामुळं मला कळलं की या गाण्यांत नवेपणा कशात मोजायचा. विषय जुनाच असतो. बिरोबा तोच, पंढरी तीच, माहेरची वाट तीच. नवी असते ती गाणारीची ओळ, तिच्या गावचं वळण, तिनं कुठं श्वास घेतला ती जागा. आईच्या ओव्या कुठल्याच कॅसेटवर आल्या नाहीत. पण हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हाँ यांनी पुण्याकडून गावोगाव हिंडून जात्यावरच्या लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या, त्यांतल्या पुष्कळ ध्वनिमुद्रित केल्या, आणि त्या आता ऐकायला मिळतात. त्यांतल्या काही ओव्या ऐकताना मी एकटीच मोठ्यानं म्हणते, आमच्यात पुढची ओळ वेगळी आहे.

धनगरी ओवीचं दालन मला उशिरा उघडलं आणि सगळ्यांत जास्त त्यानंच मला ओढून घेतलं. आमच्यापासून जवळ, हातकणंगले तालुक्यात, पट्टणकोडोलीला विठ्ठल-बिरदेवाची यात्रा भरते. भंडाऱ्यानं सगळी माणसं, घरं, रस्ता पिवळाधमक होतो, ढोल-कैताळाचा गजर होतो, फरांडेबाबांची भाकणूक होते, आणि रात्री ठिकठिकाणी घोळके करून ओव्या सुरू होतात. एकजण कानावर हात ठेवून डोळे मिटतो आणि ओळ सोडतो, दुसरे ती झेलतात, ओढतात. मग गाणं थांबतं आणि कथा सुरू होते, वेगानं, श्वासाला उसंत न देता. मग पुन्हा गाणं. गुंथर सोन्थायमर हा हायडेलबर्गचा जर्मन पंडित या ओव्यांमागं वर्षानुवर्षं धनगरांच्या वाड्यांवर फिरला, त्यानं त्या ध्वनिमुद्रित केल्या, त्यांवर पुस्तकं लिहिली, आणि १९९२ मध्ये तो गेला. त्याच्या कामाबद्दल मला अपार आदर आहे. त्याच सुमारास बाजारात ओव्यांच्या कॅसेटा मिळू लागल्या, आणि त्या घेणारी माणसं स्वतः मेंढरं राखणारी होती, हे मला तितकंच मोलाचं वाटतं. यात्रेत मी घेतलेल्या अशा एका कॅसेटमध्ये पहिली बाजू संपायला आली, बिरोबाचा जन्म व्हायचा होता, आणि गाणाऱ्यानं चाल न मोडता सांगितलं की आता कॅसेट उलटी करा, कथा पलीकडं आहे. मी धावत जाऊन उलटी केली. गाणारा माझ्या घरात बसून मला हाक मारतोय, असं मला त्या क्षणी वाटलं.

मुंबईला भावाकडं गेले की काळा घोड्याच्या ऱ्हिदम हाउसमध्ये एक चक्कर ठरलेली. ते दुकान २०१६ मध्ये बंद झालं. तिथं भावानं एकदा विली नेल्सन या अमेरिकन गायकाचा 'रेड हेडेड स्ट्रेंजर' घेऊन दिला, १९७५ चा. "ताई, हे त्यांच्या गावाकडचं गाणं," असं म्हणाला. घरी आणून मी माझ्या नेमानं लावला. गिटार, बहिणीनं वाजवलेला पियानो, तोंडात धरून वाजवायचा बाजा. बाकी रान मोकळं. आणि तो चक्क वग निघाला. एक धर्मोपदेशक, बायको त्याला सोडून गेलेली, रागाच्या भरात त्याच्या हातून झालेले खून, मग घोड्यावरून वणवण, आणि शेवटाकडं हळूहळू निवणारं मन. एक पालुपद फिरून फिरून येतं आणि दर वेळी त्याचा अर्थ आणखी खोल गेलेला असतो. कंपनीच्या माणसांना हे अर्धवट काम वाटलं होतं, असं सांगतात. आमच्या पट्टणकोडोलीच्या ओवीकरांना तसं वाटलं नसतं.

त्यानंतर मी त्या संगीताबद्दल मिळेल ते वाचलं. १९२७ च्या उन्हाळ्यात राल्फ पिअर नावाचा माणूस व्हिक्टर कंपनीची यंत्रं घेऊन ब्रिस्टल या गावी उतरला. ते गाव व्हर्जिनिया आणि टेनेसी या दोन राज्यांच्या सीमेवर, सीमा थेट त्याच्या मोठ्या रस्त्यातून गेलेली. आमच्याही तालुक्याची हद्द कर्नाटकाला भिडते, दोन भाषांची भजनं एकाच देवळात होतात, त्यामुळं ते गाव मला लगेच ओळखीचं वाटलं. डोंगरातली माणसं तिथं येऊन गायली. त्यांत कार्टर कुटुंब होतं, आणि रेल्वेत काम केलेला जिमी रॉजर्स होता. कार्टर कुटुंबातले ए. पी. कार्टर पुढं खेडोपाडी हिंडून गाणी गोळा करत, आणि त्यांच्याबरोबर लेस्ली रिडल हा कृष्णवर्णीय गिटारवादक असे. कार्टर शब्द लिहून घेत आणि रिडल चाली ध्यानात ठेवत. रेकॉर्डवर मात्र रिडलचं नाव नसे. आमच्या कॅसेटांच्या कागदावर झिलकऱ्यांचीही नावं छापलेली असत, याचं मोल मला ते वाचताना कळलं. आणि व्हिक्टरच्या रेकॉर्डवर भोंग्यापुढं बसलेला कुत्रा? एचएमव्हीच्या तबकडीवर बसलेला तोच.

कॅसेटा गेल्या. आधी एकाच चकतीत शे-सव्वाशे गाणी कोंबलेल्या एमपीथ्री सीड्या आल्या. त्यात गणही होता आणि भैरवीही होती, पण कुठलं कुठं याला धरबंध नव्हता. मग मोबाइलच्या दुकानात मेमरी कार्ड भरून मिळू लागलं. अण्णांनी त्याच जागी मोबाइलचे कव्हर आणि चार्जर ठेवले. आता त्यांचा मुलगा बसतो. हल्ली गावातली तरुण पोरं घरच्या घरी गाणं करतात, यूट्यूबवर टाकतात, आणि आठवड्यात लाखो लोक ते बघतात. याचा मला मनापासून आनंद आहे. कुणाच्या दारात उभं राहावं लागत नाही, कुणाची ओळख काढावी लागत नाही; तुणतुणं वाजवणाऱ्या मुलीला तिच्या नावानं लोक ओळखतात. पण प्रत्येक गाणं सुटं येतं. सुट्या गाण्याला पहिल्या दहा सेकंदांत पकड घ्यावीच लागते, म्हणून सगळीच गाणी पहिल्या बाजूच्या पहिल्या गाण्यासारखी होत चालली आहेत. संथ गाणं करायची सोयच उरलेली नाही, कारण त्याला आधार देणारी मागचीपुढची गाणी नाहीत. विठ्ठल उमपांचं 'जांभूळ आख्यान' तुकडे करून ऐकलं तर द्रौपदीच्या मनातली ती गोष्ट उमलणार तरी कशी? उमप २०१० मध्ये नागपूरला दीक्षाभूमीच्या मंचावरच वारले, लोकांसमोर. ज्यांनी त्यांचं एखादं आख्यान आरंभापासून अखेरपर्यंत ऐकलंय, त्यांना ठाऊक आहे की त्या माणसाला अर्ध्यावर सोडून उठताच येत नसे.

मी अजून विकत घेते. कार्यक्रम संपला की मंचामागं जाते आणि विचारते, "तुमचं काही मिळंल का?" कुणाकडं सीडीचे गठ्ठे उरलेले असतात, कुणी पेन ड्राइव्हवर घालून देतो, कुणी म्हणतो, "मावशी, यूट्यूबवर हाय की सगळं, पैसे कशाला?" मी म्हणते, "तुझ्या मनात जो क्रम असंल तो लावून दे, त्याचे पैसे." बहुतेक जण आधी गोंधळतात, मग त्यांचे डोळे चमकतात. रात्रभर कार्यक्रम करणाऱ्या माणसाला क्रम शिकवावा लागत नाही, फक्त विचारावा लागतो. एका गोंधळ्यानं मला आपल्याच गाण्यांची यादी एका पाठकोऱ्या कागदावर लिहून दिली आणि दोनदा खोडून पुन्हा लिहिली. अंबाबाईचं गाणं आधी की यल्लम्माचं, यावर त्याची नि त्याच्या भावाची माझ्यासमोर चांगलीच जुंपली. शेवटी भावाचं खरं ठरलं. घरी येऊन ऐकलं तर तेच बरोबर होतं.

गेल्या यात्रेत पट्टणकोडोलीला एक पोरगा भेटला, विशीतला, मेंढरं घेऊन कोकणात उतरणारा. ओवी त्याला आज्याकडून आलेली. मोबाइलला छोटा माइक लावून त्यानं आज्याची आणि आपली ओवी भरायला घेतली आहे, एकेका रात्री थोडी थोडी, मेंढरं बसवल्यावर. मागं कुत्री भुंकतात, मेंढरं खोकतात, ते तसंच ठेवलंय. कुणीतरी त्याला सांगितलं होतं की पाच-पाच मिनिटांचे तुकडे करून टाक, जास्त चालतील. मी त्याला म्हटलं, कापू नको, जेवढी आहे तेवढी, गाणं आणि कथा दोन्ही, आज्या जिथून सुरू करतो तिथून मला दे. पैसे आगाऊ दिले आहेत. किती तासांची होईल ते त्यालाही अजून सांगता येत नाही, कारण आज्याला रोज नवं आठवतंय.